ध्वनिक्षेपक म्हणजे माईक की भोंगा?

एका शिक्षकाचा प्रश्न आहे. शाळेचं स्नेहसंमेलन ठरलंय. पोलीस ठाण्याच्या परवान्यावर 'ध्वनिक्षेपक' लिहिलंय आणि तिथे अर्थ धरलाय स्पीकर. मुख्याध्यापक म्हणतात, ध्वनिक्षेपक म्हणजे माईक. वर्तमानपत्रात 'ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून' असंच तर छापून येतं. मंडपवाल्याच्या कोटेशनवर नुसतंच 'माईक १ सेट'. यातलं बरोबर काय, आणि हे शब्द आले कुठून?

सर, तिघंही बरोबर आहेत. भांडण शब्दांनी लावलंय. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात चाळीस वर्षं माईकवाला म्हणून काढली, त्याआधी वडिलांच्या हाताखाली वायरी गुंडाळल्या. या एका शब्दापायी एकदा निम्मे पैसे बुडवून घेतलेत, तेही पुढे सांगतो.

आधी आपल्याकडची बोलण्याची रीत. खान्देशात 'माईक लावला' म्हटलं की हातात धरायचा दांडा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. लग्नघरी माईक लागला म्हणजे निंबाच्या फांदीवर भोंगा चढला, खाली खाटेवर मशीन मांडलं, शेजारी बॅटरी आली आणि पहाटेपासून गाणी सुरू झाली. 'रात्रभर माईक वाजत होता' हे वाक्य तुम्ही-आम्ही शंभरदा ऐकलंय. माईक वाजत नाही, वाजतो भोंगा. तरी ऐकणाऱ्याला ते कधी खटकलं नाही.

हे असं का झालं ते मी घरातच पाहिलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला सेट घेतला तेव्हा आमच्या बाजूच्या बऱ्याच गावांत वीज नव्हती. बारा व्होल्टची मोटारीची बॅटरी, त्यावर चालणारा आवाज वाढवायचा ॲम्प्लिफायर, चावी द्यायचा रेकॉर्ड प्लेयर, दोन भोंगे आणि एक माईक. एवढं सगळं एका बैलगाडीत मावायचं. ते कधी सुटं सुटं आलंच नाही. गाडी गावात शिरली की पोरं पळत यायची, 'माईक उना, माईक उना!', म्हणजे माईक आला. गाडीतल्या पसाऱ्याला नाव एकच. ॲम्प्लिफायर हा शब्द लांबलचक, तर त्याला 'मशीन' म्हणून मोकळे झाले. भोंगा हा शब्द आधीपासून होता, पण तो गिरणीचा. माईक हा नवा, आखूड, जिभेला सोपा. मग पसाऱ्याचं नाव तेच पडलं.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. श्रावणातली कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातला देवीचा सण. ज्या घरी कानबाई बसली होती त्यांनी हौसेनं माईक लावला. बाया ओवीसारखी गाणी म्हणत होत्या, आणि एका आजीचा आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा. आबांनी मला सांगितलं, माईक आजीच्या पुढ्यात धर. मी धरला, तर आजीनं तो हातानं बाजूला सारला, उठली, अंगणात आली आणि झाडावरच्या भोंग्याकडे तोंड करून गाऊ लागली. आवाज येईना. आजी मला म्हणाली, "मायक तं वर शे ना रे भो, तू हाई काय दांडकं धरी राहयना?" सगळे हसले. आता वाटतं, हसण्यासारखं काय होतं? आवाज जिथून बाहेर पडतो तो माईक, हा तिचा हिशोब सरळ होता.

'मायक' हा उच्चारही ऐका. जुनी माणसं 'मायक' म्हणत आणि त्याला आपला प्रत्यय लावत : 'मायकात बोल', 'मायकातून पुकारा करा'. हल्लीची पोरं 'माईकमध्ये बोल', 'माईकवरून अनाउन्स कर' म्हणतात. जुन्यांनी शब्द घरात घेऊन त्याला मराठी सामान्यरूप दिलं, बाजार-बाजारात तसं मायक-मायकात. शिकलेल्या पिढीनं त्याला परत पाहुणा केला, सामान्यरूप काढून घेतलं. मला विचाराल तर 'मायकात' हेच जास्त मराठी. पण कार्यक्रमपत्रिकेत लिहू नका, लोक मुद्रितशोधकाला बोलतील.

आता मूळ इंग्रजी शब्द. मायक्रोफोन हा ग्रीक जोड आहे : मिक्रोस म्हणजे लहान, फोने म्हणजे आवाज. 'लहान आवाज' असं नाव का पडावं? कारण शब्द जन्मला तेव्हा विजेचा पत्ताच नव्हता. १६८३च्या सुमारास आयर्लंडमध्ये नार्सिसस मार्श नावाच्या एका बिशपनं डब्लिनच्या विद्वानांपुढे ध्वनीवर निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं, की डोळ्याला जसा मायक्रोस्कोप, तशी कानालाही साधनं करता येतील. निसर्गातला बारक्यात बारका आवाज ती मोठा करून ऐकवतील. त्या साधनांना त्यानं मायक्रोफोन म्हटलं. म्हणजे पहिला अर्थ आवाज वाढवणारं साधन, कानाला लावायचं भिंग. आवाज 'टिपणं' हे त्यात कुठेच नाही.

१८२७ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं हाच शब्द पुन्हा उचलला. त्याचा मायक्रोफोन म्हणजे दोन्ही कानांवर बसणाऱ्या धातूच्या चकत्या आणि त्यांना जोडलेल्या तारा. तारांचं टोक वाजत्या वस्तूला टेकवायचं आणि मंद आवाज ऐकायचा. डॉक्टरच्या नळीचा चुलतभाऊच म्हणा. यातही वीज नाही.

वीज आली ती १८७८ साली, डेव्हिड एडवर्ड ह्यूज याच्या प्रयोगात. हा माणूस मला फार आवडतो. एकेकाळी अमेरिकेत संगीत शिकवायचा, त्यानं छापून देणारं तारयंत्र केलं, आणि पुढे लंडनमध्ये घरगुती सामानावर प्रयोग करत बसला. दोन खिळे समांतर ठेवले, तिसरा त्यांच्यावर आडवा टाकला, मधून बॅटरीचा प्रवाह सोडला आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोनची डबी कानाला लावली. खिळे जिथे सैल टेकतात तिथे आवाजानं दाब कमी-जास्त होतो आणि त्याबरोबर प्रवाहही. मग खिळ्यांच्या जागी कोळशाची कांडी आली. पाटावरून चालणाऱ्या माशीच्या पायांचा आवाज त्यातून ऐकू येई म्हणतात. बारीक आवाज मोठा होतोय हे बघून ह्यूजनं जुनाच शब्द त्याला दिला, मायक्रोफोन. पेटंट मात्र घेतलं नाही. एमिल बर्लिनर आणि एडिसन त्याच सुमारास याच कल्पनेवर काम करत होते, आणि पैशाची भांडणं तिकडे बरीच झाली.

काळ्या टेलिफोनचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना ह्यूजचा माईक ठाऊक आहे, नाव ठाऊक नसेल. बोलता बोलता आवाज दबला की आपण रिसीव्हर तळहातावर आपटायचो. आतल्या डबीत कोळशाचे दाणे असत, ते ओल धरून चिकटत. आपटलं की सुटे होत. मेकॅनिक हसायचा, पण उपाय बरोबर होता.

याच टेलिफोनच्या धंद्यात तोंडासमोरच्या डबीला कित्येक वर्षं मायक्रोफोन म्हणत नसत. तिला ट्रान्समीटर म्हणत, कानाकडचीला रिसीव्हर. हे लक्षात ठेवा, मराठी शब्दाकडे वळलो की कामाला येईल. पुढे रेडिओ आला, स्टुडिओ आले, आणि १९२०च्या दशकात इंग्रजीत 'माईक' हे लाडकं नाव रूढ झालं. तेव्हा स्पेलिंग एम-आय-के-ई असं माणसाच्या नावासारखं होतं. एम-आय-सी हे स्पेलिंग मागाहून पसरलं, मशीनवर जागा कमी म्हणूनही असेल. आता ॲम्प्लिफायरच्या तोंडावर तेच दिसतं. आमच्याकडचा एक हेल्पर ते 'मिक' वाचायचा. "दादा, मिक-दोनमध्ये पिन घालू?" त्याला आम्ही कधी दुरुस्त केलं नाही, काम चोख होतं.

आपल्या देशात माईक लोकांना दिसला तो सभांमधून. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत वक्त्यासमोरच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी असते. नाव शिकागोचं, कंपनी इथल्या मोटवाने कुटुंबाची. काँग्रेसच्या सभांना ध्वनियंत्रणा पुरवण्याचं काम त्यांनी केलं. आपल्या जिल्ह्यात फैजपूरला १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नेहरू अध्यक्ष होते. आमच्या भागात मोठ्या सभेची गोष्ट निघाली की अजून फैजपूरच निघतं. अशा हजारोंच्या गर्दीत नुसत्या गळ्यावर सभा चालवायचे दिवस त्या काळात संपत आले होते. १९४०नंतर दिल्लीच्या अहुजा कंपनीनं बाजार धरला, आणि आमच्या पिढीच्या माईकवाल्याचं पहिलं मशीन बहुधा अहुजाच असायचं.

आता ध्वनिक्षेपक.

क्षिप् म्हणजे फेकणे. क्षेपणास्त्र, आक्षेप, प्रक्षिप्त, सगळे याच घरचे. तेव्हा अक्षराला अक्षर लावून ध्वनिक्षेपक म्हणजे आवाज फेकणारा. मग तो भोंगाच झाला ना? पोलीस ठाणं हाच अर्थ घेतं. पण सावरकरांनी सुचवलेल्या प्रतिशब्दांच्या ज्या याद्या फिरतात त्यांत दूरध्वनी, नभोवाणी यांच्या रांगेत ध्वनिक्षेपक बसलेला आहे, आणि रांग बघा : फोन, रेडिओ, त्यांच्याजवळ हा. नभोवाणीच्या काळात भाषण 'ध्वनिक्षेपित' व्हायचं, म्हणजे प्रसारित व्हायचं. स्टुडिओत बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं आवाज फेकण्याची सुरुवात कुठे होते? त्याच्या तोंडासमोरच्या डबीत. तिथून आवाज तारेत पडतो. वर सांगितलेला टेलिफोनचा ट्रान्समीटर आठवा, त्याचं सरळ मराठी केलं तर क्षेपकच होईल. म्हणून वर्तमानपत्रवाल्यांनी माईकला ध्वनिक्षेपक म्हटलं त्यात माझ्या मते चूक काही नाही. त्यांनी तारेच्या अलीकडून पाहिलं, पोलिसांनी तारेच्या पलीकडून.

कसाला उतरणारा शब्द हवाच असेल तर माईकसाठी ध्वनिग्राहक आहे. आवाज घेणारा. चांगला शब्द, पुस्तकात आहे, पण माझ्या दुकानात चाळीस वर्षांत कुणी येऊन म्हटलं नाही की भाऊ, दोन ध्वनिग्राहक द्या. ग्राहक म्हटलं की आम्हाला गिऱ्हाईकच दिसतं.

ध्वनिवर्धक हा तिसरा. वर्धक म्हणजे वाढवणारा, म्हणजे हिशोबानं ॲम्प्लिफायर. पण तो शब्दही भोंग्यालाच चिकटला. सरकारी आदेशांत 'ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धक' अशी जोडगोळी येते तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनातही दोन वेगळ्या वस्तू असतात की नाही, शंकाच आहे. पलीकडे रावेरची हद्द ओलांडून बऱ्हाणपुरात गेलात की हिंदीत 'ध्वनि विस्तारक यंत्र' होतं. मध्य प्रदेशाच्या कायद्याचं नाव तर झकास आहे : कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५. कोलाहल! आपल्याकडे तो शब्द कीर्तनात उरला.

आता माझी फजिती. पंचवीसेक वर्षं झाली. तापीकाठच्या एका संस्थेचा मोठा कार्यक्रम, नाव घेत नाही. लेटरहेडवर टाइप केलेली ऑर्डर आली : 'ध्वनिक्षेपक ४, ध्वनिवर्धक १'. मी वाचलं चार माईक आणि एक मशीन. व्यासपीठावर पाहुणे बरेच, चार माईक लागतीलच. चारही चांगल्यातले काढले, स्टँड घासून पुसून चकचकीत केले, आणि भोंगे नेहमीप्रमाणे दोन नेले. मैदान मोठं होतं. मागच्या बाजूला बायाबापड्या आणि शाळेची पोरं. भाषण सुरू झालं आणि मागून ओरडा, 'आवाज येस नही!' संस्थेचे सचिव तरातरा आले. म्हणाले, चार ध्वनिक्षेपक सांगितले होते ना, दोनच का बांधले? मी व्यासपीठाकडे बोट करून म्हटलं, साहेब, हे बघा चार. त्यांनी वर झाडाकडे बोट केलं. दोघांची बोटं दोन दिशांना. पाहुणे पुढे बोलतायत आणि आम्ही मंडपामागे शब्दार्थ करतोय.

सायकलवरून पोरगा पिटाळून आणखी दोन भोंगे आणवले, तोवर प्रमुख भाषण संपलं होतं. बिल निम्मं कापलं. कापताना सचिव म्हणाले, "शुद्ध मराठीत लिहिलं होतं." शुद्धच तर होतं!

त्या दिवसापासून ऑर्डर घेताना मी कुठलाच प्रतिशब्द लिहीत नाही. दोन ओळी लिहितो : हातात धरायचे किती, बांबूवर चढवायचे किती. वही भरली तरी वाद नाही.

माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी एक खेळ दाखवतो, तो तुमच्या विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. साधा गोल स्पीकर घ्या, जुन्या रेडिओतला चालेल. त्याच्या दोन तारा पिनेला जोडा आणि ती पिन ॲम्प्लिफायरच्या माईकच्या भोकात घाला. आता स्पीकरच्या कागदासमोर तोंड नेऊन बोला. भोंग्यातून आवाज येतो! पातळ, डब्यात बोलल्यासारखा, पण येतो. कारण आपला रोजचा माईक, ज्याला डायनॅमिक म्हणतात, तो आणि स्पीकर एकाच घडणीचे. लोहचुंबक, त्याच्या खाचेत बारीक तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला पडदा. आवाजानं पडदा हलला की वेटोळ्यात वीज उपजते, हा माईक. वेटोळ्यात वीज सोडली की पडदा हलतो, हा स्पीकर. फरक ताकदीचा. माईकमधून निघते ती वीज व्होल्टच्या हजाराव्या हिश्शांत मोजायची, आणि भोंग्याच्या लांब लायनीवर मशीन शंभर व्होल्टपर्यंत ढकलतं. जुन्या ऑफिसांतल्या इंटरकॉमच्या डबीत स्पीकर एकच असायचा. बटण दाबलं की तोच माईक, सोडलं की तोच स्पीकर.

हे पाहिलं की पोरं विचारतात, मग हा क्षेपक की ग्राहक? मी म्हणतो, पिन कुठल्या भोकात आहे ते बघ.

माईक आणि भोंगा वेगळे आहेत हे गावाला कळतं ते मात्र एकाच वेळी, शिट्टी बसते तेव्हा. माईक भोंग्याच्या तोंडापुढे गेला की भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवून पुन्हा भोंग्यात टाकतं, तो पुन्हा माईकमध्ये. असं फिरत फिरत कूंऽऽऽ. नवरदेवाचा मामा माईक घेऊन आहेर पुकारत मंडपभर फिरायला लागला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. "अमुक गावचे पाव्हणे यांच्याकडून एकशे एक रुपये" आणि त्यापाठोपाठ कूंऽऽऽ. लोक म्हणतात, माईक ओरडला. इथे मात्र 'माईक' म्हणजे हातातलाच, कारण डोळे सगळे मामाच्या हाताकडे असतात.

भोंगा आणि कर्णा यांचंही सांगून टाकतो. कर्णा हे मूळचं वाद्य, लांब तुतारीसारखं फुंकायचं, नाव फारसीतून आलेलं. ग्रामोफोनला फुलासारखं तोंड आलं तेव्हा त्याला कर्णा म्हटलं, तिथून तो लाउडस्पीकरवर आला. ऐकलं की वाटतं कर्णाशी, कानाशी संबंध असेल, पण ते निव्वळ जुळून आलेलं. भोंगा गिरणीचा. अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खान्देश मिल. भोंग्यावर पाळी बदलायची, त्यावर बाया चूल पेटवायच्या. गिरण्या थंडावल्या आणि शब्द ग्रामपंचायतीच्या छपरावर चढला. दवंडीवाला कोतवाल गेला, ढोलकं गेलं, 'पाणी उद्या सकाळी सुटणार आहे' हे भोंग्यातून यायला लागलं. २०२२ साली राजकारणात भोंग्यावरून रान उठलं तेव्हा शहरातल्या पोरांना हा शब्द नव्यानं कळला. आमच्या वायरीच्या पेटीवर तो खडूनं केव्हाचा लिहिलेला आहे.

तमाशाचं एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराइतकीच गर्दी तमाशाच्या तंबूला. माईक यायच्या आधीचे गडी असे गळा काढायचे की शेवटच्या माणसापर्यंत शब्द जायचा. पट्टी उंच ठेवावीच लागे. माईक आला आणि रंगमंचावरची चाल बदलली. पुढे दोन-तीन स्टँड उभे, त्यामुळे बोलणाऱ्यानं पावलं टाकत स्टँडपर्यंत यायचं, वाक्य टाकायचं, मागे सरायचं. तेव्हा 'माईकवर ये' याचा अर्थ 'आता तुझी पाळी' असा झाला. अजून वगात कुणी अडखळलं की मागून कुजबुज येते, "माईकवर ये, माईकवर ये." पुढे सभा-संमेलनांतून माईक म्हणजे बोलायचा हक्कच झाला. 'माईक सोडत नाही', 'माईक हातात आला की भान राहत नाही', आणि छापताना 'ध्वनिक्षेपकाचा ताबा घेतला'. आपल्या तालुक्यातल्या कुणाकुणाची नावं तुमच्या मनात आली असतील, ती मनातच ठेवा.

आता हा सगळा अर्थ उलटा फिरायला लागलाय. गाडीभर पसाऱ्याला आज सहसा कुणी माईक म्हणत नाही, डीजे म्हणतात. डीजे हा खरं तर माणूस, गाण्याच्या तबकड्या लावणारा. आपल्याकडे माणूस गळून पडला आणि ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांना ते नाव गेलं. 'डीजे फोडला', 'डीजे जप्त केला'. माईकचं पन्नास वर्षांपूर्वी झालं तेच याचं झालं, फक्त तेव्हा एका तुकड्यानं सबंध सेटला नाव दिलं, आता माणसानं यंत्राला दिलं. आणि माईक बिचारा आकसून मूळ जागी आला. टाळेबंदीत तुम्ही ऑनलाइन तास घेतले, तेव्हा पहिलीतलं पोरगंसुद्धा 'सर, तुमचा माईक म्यूट आहे' म्हणत होतं. त्या पोराला माईक आणि स्पीकर यांत गोंधळ नाही. फोनमधला माईक तिळाएवढा, दिसतसुद्धा नाही, तरी नेमकं त्यालाच माईक म्हणतात. कानबाईच्या अंगणातल्या आजीला हे काही पटलं नसतं.

तर सर, तुमच्या कागदांचं.

परवान्याच्या अर्जात 'ध्वनिक्षेपक' असेल तिथे भोंगे आणि स्पीकर बॉक्स मोजून लिहा, माईक मोजू नका. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आवाज बाहेर पडतो त्या तोंडाशी संबंध ठेवतात : रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस ठरवून जाहीर झालेले असतात, आपल्या स्नेहसंमेलनासाठी ते नाहीत. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शाळा आणि दवाखान्याच्या आसपासचा शंभर मीटरपर्यंतचा टापू सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल, तर तिथे ५० आणि ४०. शाळेचाच कार्यक्रम असला तरी भोंगे रस्त्याकडे नकोत, मैदानाकडे तोंड करून आणि जरा खाली झुकवून बांधायला सांगा. मागच्या रांगेला ऐकू येतं आणि शेजारच्या गल्लीला त्रास कमी.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी आभाराच्या ओळीत 'ध्वनिव्यवस्था' लिहा. त्यात माईक, मशीन, भोंगा सगळं येतं, मुख्याध्यापकांची मराठीही राहते. सूत्रसंचालनाच्या संहितेत 'ध्वनिक्षेपकासमोर यावे' असं लिहायला हरकत नाही, तिथे कुणी झाडावर चढणार नाही.

आणि मंडपवाल्याचं कोटेशन तसंच परत पाठवा. 'माईक १ सेट' खोडून त्याच्याच हातानं दोन ओळी लिहून घ्या : हातात धरायचे किती, बांबूवर चढवायचे किती. नाटुकली असेल तर हातातले तीन तरी लागतील, आणि एका माईकची वायर व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पुरते का ते आदल्या दिवशी स्वतः चालून बघा.